मुद्राराक्षसाची कैफियत

बीथोव्हनबद्दल मला आदर आहे, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचे वाचून कोणीतरी रसिक काठी घेऊन दारात यायचा. नववी सिंफनी मी ऐकलेली आहे. शेवटी सगळी मंडळी उभी राहून गायला लागतात तेव्हा माझ्याही अंगावर काटा येतो. तेव्हा भांडण त्याच्या संगीताशी नाही. भांडण आहे ते त्याच्या अक्षराशी, आणि त्या अक्षरापायी ज्यांनी शिव्या खाल्ल्या त्यांच्या वतीने.

आमचे एक स्नेही आहेत, पाश्चात्त्य संगीताचे दर्दी. घरी गेले की चहा नंतर, रेकॉर्ड आधी. त्यांनी परवा मला मोठ्या कौतुकाने एक छायाचित्र दाखवले. कोणा नक्कलकाराने बीथोव्हनला लिहिलेले पत्र, आणि त्या पत्रावर बीथोव्हनने स्वतःच्या हाताने मारलेल्या फुल्या. फुल्या म्हणजे अक्षरशः या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. वर भल्याथोरल्या अक्षरांत काहीतरी खरडलेले.

"काय लिहिलंय माहिताय?" स्नेही म्हणाले. "मूर्ख, घमेंडखोर, गाढवासारखा प्राणी! हा हा हा! याला म्हणतात जीनियस!"

मी हसलो नाही. चहाही निम्मा टाकून आलो. आता मी का हसलो नाही, हे सांगायचे तर आधी ते नक्कलकार प्रकरण नीट सांगायला हवे.

त्या काळी संगीतकाराने एखादी मोठी रचना लिहिली की ती थेट छापखान्यात जात नसे. जाणार कशी? मूळ कागदावर शाईचे डाग, खोडलेल्या ओळी, समासात घुसवलेले तुकडे. मग ती द्यायची नक्कलकाराकडे. तो बिचारा दर ताव अमुक इतके अशा हिशेबाने मजुरी घेऊन तिची स्वच्छ प्रत काढणार. ती प्रत परत संगीतकाराकडे. तो शाईने, पेन्सिलने, तांबड्या खडूने दुरुस्त्या करणार, चुकीचा स्वर चाकूने खरवडून काढणार. मग ती प्रकाशकाकडे जाणार, तिथला कारागीर धातूच्या पत्र्यावर सगळे उलटे कोरणार, त्याचे प्रूफ निघणार, आणि पुन्हा शिव्या.

बीथोव्हनचे मूळ हस्तलिखित ज्याने पाहिले असेल त्याला नक्कलकाराबद्दल कणव आल्याशिवाय राहणार नाही. स्वर रेघेवर आहे की दोन रेघांच्या मध्ये आहे, हे तो स्वरच जाणे. एके ठिकाणी लिहिलेले काढायचे, दुसरीकडे घालायचे, तिसऱ्या ठिकाणी 'कोमे सोप्रा', म्हणजे 'वरीलप्रमाणे'. वरीलप्रमाणे म्हणजे कुठल्या वरीलप्रमाणे? पाच पाने मागे जा आणि शोधा. संगीतकाराने दोन शब्दांत उरकले, ते नक्कलकाराने वीस-वीस वाद्यांच्या ओळींत भरून काढायचे. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाच्या मृत्युपत्रातसुद्धा इतके 'वरीलप्रमाणे' नसतात, आणि तिथे निदान भांडायला वारस तरी असतात.

हे सगळे वाचू शकणारा एक माणूस व्हिएन्नात होता. वेन्झेल श्लेमर त्याचे नाव. जवळजवळ पंचवीस वर्षे त्याने बीथोव्हनचे कागद उतरवले. १८२३ साली तो वारला, आणि बीथोव्हनच्या घरात हाहाकार उडाला. 'मिस्सा सोलेम्निस' आणि नववी सिंफनी, दोन्ही प्रचंड कामे नेमकी तेव्हाच डोक्यावर. नवे नक्कलकार येत, गोंधळत, शिव्या खात, जात. माणूस जिवंत असेपर्यंत तो 'नुसता लिहिणारा' असतो. मेल्यावर कळते की वाचणारा तोच एकटा होता.

या नव्यांपैकी एक फर्डिनांड व्होलानेक. मूळचा बोहेमियाचा. १८२५ साली त्याचे आणि बीथोव्हनचे फाटले आणि त्याने हाती असलेले काम परत करताना एक पत्र लिहिले. तेच हे पत्र. माझ्या स्नेह्यांनी फुल्यांचा मजकूर वाचला, फुल्यांखालचा वाचला नाही. मी वाचला. त्यात तो अत्यंत अदबीने म्हणतो की, गुलामासारखे वागवून घेण्यातच धन्यता मानणाऱ्या सामान्य नकलाकारांत कृपा करून मला धरू नका. आणि माझे समाधान एवढेच की, मोझार्ट आणि हायडन हे थोर लोक जर आपल्याकडे नक्कलकार म्हणून लागले असते तर त्यांचीही हीच गत झाली असती.

वा! काय टोला आहे! हे वाक्य लिहिणारा माणूस गाढव? अहो, असे वाक्य सुचायला मला चार दिवस लागतील, आणि सुचल्यावर ते मालकाला लिहून पाठवायला चार जन्म.

यावर बीथोव्हनने काय केले? आधी त्या फुल्या. मग खाली, की असल्या लबाडाचे आभार कसले मानायचे, त्याचे गाढवाचे कान पिळायला हवेत. मग समासात, की मोझार्ट-हायडनचे नाव न काढण्याची तरी मेहरबानी कर. आणि पाठीमागे, की तू मला शिकवायला निघालास म्हणजे डुकरिणीने विद्यादेवतेला शिकवण्यापैकी झाले. एका कागदावर गाढव आणि डुक्कर दोन्ही! पांजरपोळच. आणि आमचे रसिक म्हणतात, जीनियस!

एका गोष्टीचे मात्र मला हसू येते. त्या कागदावर वाचता येण्यासारखे सुरेख अक्षर कोणाचे असेल तर ते गाढवाचे.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख म्हणजे निवडणुकीचे भाषण व्हायचे. नक्कलकार आणि छापणारे चुकत नसत असे नाही. चुकत होते, आणि काही तर हद्द करीत होते. १८०३ साली झुरिकच्या नेगेली नावाच्या प्रकाशकाने बीथोव्हनच्या एका पियानो सोनाटात स्वतःच्या पदरचे चार ठोके, म्हणजे चार मात्राविभाग, घुसवून दिले. बहुधा त्याला ते 'बरे दिसेल' असे वाटले असावे. बीथोव्हनचा शिष्य फर्डिनांड रीस ते प्रूफ वाजवून दाखवत होता. तो त्या जागी आला तेव्हा बीथोव्हन उडी मारून उठला आणि त्याला जवळजवळ पियानोवरून ढकलूनच दिले. ही माझी नाही, रीसची साक्ष. पुढे तीच रचना बॉनच्या झिमरॉककडून 'अतिशय शुद्ध आवृत्ती' असा शिक्का मारून पुन्हा छापून घ्यावी लागली. इथे मी बीथोव्हनच्या बाजूने आहे. नेगेलीला चाबकाने फोडला असता तरी मी मध्ये पडलो नसतो. आमच्याकडे एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या बिघडलेल्या पोथ्या ताडून शुद्ध प्रत तयार केली, तेव्हा त्यांनीही स्वतःची ओवी घुसवणाऱ्याला चांगले खडसावून ठेवले आहे. तोलामापाने बोलणारे नाथसुद्धा त्या ठिकाणी करवंटीवर उतरले. पण लक्षात घ्या, त्यांचा राग घुसवणाऱ्यावर. उतरवून घेताना ज्याचा डोळा चुकला त्याला त्यांनी कुठलाही प्राणी म्हटलेले नाही.

उलट पाचव्या सिंफनीचे घ्या. १८०९ साली ती छापली गेली. १८१० मध्ये बीथोव्हनने लाइपझिगच्या प्रकाशकाला कळवले की, तिसऱ्या भागात दोन मात्राविभाग जास्तीचे छापले गेलेत, ते काढा. प्रकाशकाने काढले नाहीत. पत्र दप्तरात पडून राहिले. (सरकारी कचेरीचा शोध आपण लावला असा आपला गैरसमज आहे.) बीथोव्हन १८२७ साली गेला. साऱ्या युरोपातले वादक ते जास्तीचे दोन तुकडे भक्तिभावाने वाजवत राहिले. शेवटी १८४६ मध्ये मेंडेल्सनच्या वेळी ते पत्र बाहेर आले. छत्तीस वर्षे! पण हे दोन तुकडे आले कुठून? कोणा गाढवाने घुसवले नव्हते. बीथोव्हननेच तो भाग पुन्हा वाजवायचा असा बेत आधी केला होता, त्यासाठी दोन वेगवेगळे शेवट लिहून ठेवले होते, मग बेत बदलला, आणि खुणांच्या घोळात दोन्ही शेवट एकापाठोपाठ छापले गेले. लग्न मोडले, पण दोन्हीकडचे वऱ्हाडी जेवायला येऊन बसले, त्यातला प्रकार. त्यात आचाऱ्याचा काय दोष?

आणि दुरुस्ती ही नेहमी नक्कलकाराचीच असते हा तर शुद्ध भ्रम. १८१९ मध्ये रीस लंडनमध्ये 'हामरक्लाव्हिअर' सोनाटा छापण्याच्या खटपटीत होता. चुकांच्या याद्या येत होत्या, तो दुरुस्त करत होता. आणि एके दिवशी पत्र आले, की तिसऱ्या भागाच्या अगदी सुरुवातीला आणखी दोन स्वर घाला. फक्त दोन. रीसने पुढे कबूल केले आहे की, आपल्या वृद्ध गुरुजींचे डोके ठिकाणावर आहे ना, अशी शंका मला आली. मग त्याने ते वाजवून पाहिले आणि गप्प बसला. ते दोन स्वर काढले तर तो सगळा भाग दारात चपला न काढता घरात शिरल्यासारखा वाटतो. ही झाली दुरुस्ती! असल्या दुरुस्तीपुढे मी साष्टांग नमस्कार घालतो. पण हिच्यात गाढव कोण होते? कोणी नाही. आधी सुचले नव्हते, मग सुचले, आणि कोणा तरी गरिबाने ते पत्र्यावर कोरले.

बीथोव्हनचे टिंबांवरून झालेले भांडणही मोठे मजेचे आहे. १८२५ च्या ऑगस्टमध्ये त्याने एका चतुष्टकाच्या प्रती तपासल्या आणि कार्ल होल्ट्झ या मित्राला लिहिले की, शिव्या देऊन आणि पाय आपटून माझा घसा बसला. मुद्दा काय, तर स्वरावर टिंब आहे तिथे टिंबच पाहिजे, उभी रेघ नको. रेघ आहे तिथे रेघच. मुद्दा शंभर टक्के खरा. एका टिंबाने काय होते हे मराठी माणसाला सांगायला नको. १९६२ साली साहित्य महामंडळाच्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले तेव्हा किती जणांच्या कपाळावरचे कुंकू पुसल्यासारखे झाले होते. पण बीथोव्हनच्या स्वतःच्या हस्तलिखितात टिंब कुठले आणि रेघ कुठली, यावर विद्वान लोक आजतागायत हमरीतुमरीवर येतात. घाईत टेकवलेले टिंब लांबले की रेघ होते. मग नक्कलकाराने काय करावे? ज्योतिष्याकडे जावे?

त्याआधी १८११ मध्ये लाइपझिगच्या त्याच प्रकाशकाला त्याने लिहिले होते, की चुकाच चुका, तुम्ही स्वतःच एक भली मोठी चूक आहात. वाक्य झकास आहे. मला मुलांवर वापरायला आवडेल. पण नववी सिंफनी त्याच्या स्वतःच्या नजरेखालून गेली, पानापानावर त्याचा हात फिरला, १८२६ साली माइन्झच्या शॉटने ती छापली, आणि तरीही तिच्यात चुका राहिल्या. त्या निपटत निपटत १९९६ मध्ये जोनाथन डेल मारची नवी आवृत्ती निघाली. म्हणजे खुद्द कर्त्याच्या डोळ्यांतूनही सुटल्याच की! सुटणारच. आपण लिहिलेले आपण वाचत नाही, आपल्या मनात जे असते तेच कागदावर दिसते. तेव्हा ती स्वतःच एक भली मोठी चूक वगैरे वगैरे.

आता मी हसलो नाही त्याचे कारण.

माझे वडील कंपोझिटर होते. पुण्यातल्या एका लहानशा छापखान्यात खिळे जुळवायचे. संध्याकाळी घरी आले की बोटांची टोके काळी आणि डोळे तांबडे. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. दुपारचा डबा घेऊन गेलो होतो. एक नामवंत कादंबरीकार, नाव सांगत नाही, प्रूफ नाचवत आत आले. त्यांनी नायिका 'लाजली' असे लिहिले होते आणि छापले गेले होते 'भाजली'. ऐन चांदण्यात, नायकासमोर, नायिका भाजली होती.

"कोण आहे हा गाढव?" ते ओरडले. सगळा छापखाना थांबला. मालकांनी वडिलांकडे बोट केले.

वडील उभे राहिले. "चुकलं, साहेब," एवढेच म्हणाले. मालकांनी त्या आठवड्याच्या पगारातून आठ आणे कापले. मूळ कागद तिथेच केसावर, खिळ्यांच्या कप्प्यांवर, पडला होता. त्याच्याकडे कोणी पाहिले नाही. मी डबा ठेवला आणि पळालो.

रात्री जेवणे झाल्यावर वडिलांनी कोटाच्या खिशातून तो कागद काढला आणि कंदिलापाशी धरला. "वाच."

मी वाचले, "नायिका भाजली."

"झोप आता," वडील म्हणाले आणि कागदाची घडी घातली.

ते पुन्हा कधी त्यावर बोलले नाहीत. मला मात्र त्या दिवसापासून 'मुद्राराक्षस' हा शब्द सहन होत नाही. लेखकांनी काढलेला शब्द! चूक झाली की मुद्राराक्षसाचा विनोद. छापणारा राक्षस, आणि लिहिणारे सगळे देव? मग 'हस्ताक्षरराक्षस' असा शब्द का नाही? समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास सुवाच्य लिहावे कसे यावर खर्ची घातला आहे. तो लिहिणाऱ्यांसाठी आहे, उतरवून घेणाऱ्यांसाठी नाही असे थोडेच आहे? महाभारत उतरवून घ्यायला व्यासांना लेखनिक लागला, तेव्हा आपल्या लोकांनी त्या जागी साक्षात गणपती बसवला. शिवाय त्याला अट घातली, की समजल्याशिवाय लिहू नकोस. ज्ञानेश्वरी उतरवणाऱ्या सच्चिदानंदबाबांचे नाव खुद्द ज्ञानेश्वरीत आहे. आपल्याकडची ही रीत. मग आपण व्हिएन्नातल्या फुल्या बघून कशाला खो खो हसायचे?

अर्थात आपणही ही रीत पुढे कुठे पाळली? मुंबईच्या हिंदी सिनेमांच्या वाद्यवृंदात गोव्याहून आलेल्या वादकांनी वर्षानुवर्षे रात्री जागून प्रत्येक व्हायोलिनची, प्रत्येक ट्रम्पेटची पाने उतरवली. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा ही अरेंजर मंडळींची नावेही पडद्यावर शोधावी लागत. मग नुसती पाने उतरवणाऱ्याचे काय!

वडील संत नव्हते, हेही सांगतो. एकदा त्यांनी एका कवीची ओळ 'सुधारली'. त्यांना वाटले, कवीचा शब्द चुकला. कवी चुकला नव्हता. कवितासंग्रह तसाच बाजारात गेला. कवी आला, ओरडला नाही, नुसता खुर्चीवर बसून राहिला. वडील त्या दिवशी जेवले नाहीत. आठ आण्यांच्या दिवशी ते जेवले होते. नेगेलीची गोष्ट मी वाचली तेव्हा मला ते आठवले, म्हणून त्याला चाबकाने फोडायची भाषा मी करतो ती जरा दबक्या आवाजातच समजा.

२००३ साली लंडनमध्ये सदबीजच्या लिलावात नवव्या सिंफनीची नक्कलकारांनी केलेली आणि बीथोव्हनने दुरुस्त केलेली प्रत विकली गेली. वीस लाख पौंडांच्या वर. तीत एके ठिकाणी बीथोव्हनने नक्कलकाराला उद्देशून 'अरे मेल्या' छापाची शिवी लिहून ठेवली आहे, आणि वर्तमानपत्रांनी ती सगळ्यात आधी छापली. वीस लाख पौंड! मी हिशेब करून पाहिला. त्या प्रतीतली शाई मोजली तर नव्वद टक्क्यांहून जास्त नक्कलकारांची भरेल. पैसे मोजले ते उरलेल्या शाईचे. माझी मागणी फार नाही. अशा प्रती जिथे जिथे काचेखाली ठेवल्या असतील, तिथल्या चिठ्ठीवर ज्याचे नाव ठाऊक आहे त्या नक्कलकाराचे नाव संगीतकाराच्या नावाखाली, तेवढ्याच टायपात छापावे. आणि व्होलानेकचे पत्र दाखवाल तेव्हा फुल्यांखालचा मजकूरही वाचून दाखवावा. आधी तो. मग हसा.

हे सगळे मी स्नेह्यांना पत्राने कळवायचे ठरवले होते. मग वाटले, लेखच लिहावा. लिहिला, तुम्ही वाचताय तोच. हाताने, कारण मला दुसरे काही येत नाही. खिळ्यांचे छापखाने केव्हाच गेले. आता एक मुलगी संगणकावर अक्षरजुळणी करते. तिने प्रूफ पाठवले. वाचले तर 'वीस-वीस वाद्यांच्या ओळींत' या जागी 'वीस-वीस वाघांच्या ओळींत'. वाघ! माझा पारा चढला. तांबडी पेन्सिल घेतली, त्या ओळीवर फुली मारली, समासात दोन शब्द लिहिले आणि कागद पाठवून दिला.

तासाभराने फोन आला.

"काका, वाघांचं वाद्यं केलं हं. तुमचा द्य ना, घ सारखाच दिसतो, सॉरी. पण एक विचारायचं होतं. पान तीनवर बाजूला तुम्ही 'गाढव कुठला' असं लिहिलंय. ते मजकुरात नेमकं कुठे घालायचं?"

मी जरा वेळ गप्प बसलो.

"शेवटी घाला," म्हटले. "माझ्या नावाच्या अलीकडे."